आईला पाठ असलेला धडा

आमच्या घाटंजीकडच्या शाळेत वाचन म्हणजे ओरडणं. बाई एक ओळ म्हणायच्या आणि सगळा वर्ग छप्पर उडेल अशा आवाजात ती परत म्हणायचा. मी त्यात सर्वांत पुढे. बोट ओळीवरून फिरायचं, तोंड शेजारणीच्या मागे धावायचं, आणि आपल्याला वाचता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

शाळेच्या कुंपणाला लागूनच्या शेतात आई मजुरीनं निंदायला यायची. एका मधल्या सुट्टीत मी तिला अख्खा धडा पुस्तक धरून म्हणून दाखवला. खुरपं न थांबवता ती म्हणाली, "हे तं मलेबी येते. मंग मी वाचाले शिकली काय?" आणि तिनं तो धडा शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला. कापसाला भाव नव्हता, मजुरीही तशीच. घराला आणखी दोन हात हवे होते. दिवाळीनंतर शाळा बंद, आपल्यासोबत कापूस वेचायला यायचं, असं तिनं सांगून टाकलं.

मी रडत बाईंकडे गेले. दुसऱ्या कुणी आईचं बोलणं हसण्यावारी नेलं असतं. बाई स्वतः बांधावर गेल्या, तिच्या तोंडून धडा ऐकला, आणि दिवाळीनंतर तुमच्यासमोरच हिची परीक्षा घेऊ, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचे चौघाचौघांचे गट झाले. एका गटात बाई बसायच्या, बाकीचे व्हरांड्यात शब्दांच्या चिठ्ठ्या जुळवायचे. पुस्तकातल्या चित्रावर त्या तळहात ठेवायच्या आणि भलत्याच ओळीवर बोट. चौघांत लपायला जागाच नाही. मला बाईंचा असा राग यायचा की सांगता सोय नाही. हेडमास्तर कुरकुरायचे, शाळेचा आवाज येत नाही, गावाला वाटेल सुट्टी आहे. बाई ऐकून घ्यायच्या आणि परत आमच्यात येऊन बसायच्या. अशी चिकाटी मी पुढं कुणात पाहिली नाही.

दिवाळी झाली. कमरेला फडकं बांधून मी आईमागे कापूस वेचत होते, तेव्हा बाई वरच्या वर्गाचं पुस्तक घेऊन आल्या आणि कधी न शिकवलेला धडा उघडून माझ्या हाती दिला. जोडाक्षरांना ठेचकाळत मी वाचत गेले. आईचे हात थांबले. ओठ हलवत ती माझ्यासोबत म्हणू पाहत होती, पण पुढची ओळ तिला ठाऊक नव्हती.

"हे मले येत नाही," ती म्हणाली, आणि माझ्या कमरेचं फडकं सोडून त्यातला कापूस तिनं आपल्या फडक्यात ओतून घेतला.