सुट्या झाकणाची डिश

हॉल भरलेला होता. चहा उकळून तयार होता. लांब टेबलावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर ओळीनं पदार्थ मांडलेले, आणि एकही माणूस जागचा उठत नव्हता.

मी दाराजवळ उभी राहून हसत होते. आमच्या धंद्यात काहीही झालं तरी तोंडावर हसू लागतं. मालक हेगडेसाहेब शेजारी येऊन उभे राहिले आणि समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "मिस कांबळे, हा तिसरा संडे."

मला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेळगावात लिफ्ट आणि गालिचे असलेलं नवं, मोठं हॉटेल निघालं होतं. मुंबईला हॉटेलचं शिक्षण घेऊन मी तिथं बँक्वेट सुपरवायझर म्हणून लागले होते. बँक्वेट म्हणजे हॉलमधले कार्यक्रम: लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या मीटिंगा. टेबलं कशी लावायची, कुठला पदार्थ कधी बाहेर काढायचा, पाहुण्याचा चेहरा पडायच्या आत तो ओळखायचा, हे माझं काम. या कामावर बाई बघितली की लोक दोनदा बघायचे. एकदा माझ्याकडे आणि एकदा छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे. पट्टीकडे जरा जास्त वेळ.

रविवारी दुपारी चहाचा बुफे ठेवायचा, ही कल्पना माझीच. रविवारी दुपारी हॉल रिकामा असायचा. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात मी असा चहा लावलेला होता. लोक सहकुटुंब येतात, केक, सँडविच, पॅटिस खातात, गप्पा मारतात. हेगडेसाहेबांनी ऐकून घेतलं.

"करा. तीन संडे देतो. चाललं नाही तर हॉलचा बार करतो."

"आणि माझं काय, सर?"

"नोडी मिस कांबळे, बारमध्ये लेडीज ठेवता येत नाही. तुम्हीच समजून घ्या."

नोडी म्हणजे बघा. मी बघितलं, समजून घेतलं आणि कामाला लागले. दुसरी नोकरी शोधायची तर परत मुंबई, आणि आईला निपाणीत एकटं टाकून मला जायचं नव्हतं.

बुफे म्हणजे सगळे पदार्थ एका टेबलावर मांडायचे आणि पाहुण्यांनी उठून, प्लेट घेऊन, हवं ते आपल्या हातानं घ्यायचं. आज खेड्यातल्या लग्नातसुद्धा लोक न सांगता रांगेला लागतात. तेव्हा आमच्याकडे पंगत होती. बसून राहायचं, वाढपी येणार, आपण नको म्हणायचं, तो आग्रह करणार, मग घ्यायचं. आपल्या हातानं वाढून घेणं म्हणजे सरळ हावरेपणा. कॅम्पातल्या मिलिटरीच्या लोकांना बुफे माहीत होता, पण त्यांची मेस त्यांना होती. ते कशाला येतील?

पहिल्या रविवारी लोक आले, बसले आणि वेटरची वाट बघू लागले. मी समजावून सांगितल्यावर दोघं-तिघं उठले, एकेक बिस्किट घेऊन चोरासारखे जागेवर गेले. गरम पदार्थांना तर कुणी हात लावला नाही. ते चेफिंग डिशमध्ये होते. ही एक उंच स्टीलची डिश असते. खाली बर्नर, त्यावर गरम पाणी, त्यावर पदार्थ आणि वर झाकण. आता बिजागरीची झाकणं मिळतात, एका हातानं वर ढकलली की तिथंच राहतात. तेव्हाची सुटी होती, उचलून हातात धरावी लागत. लोकांना वाटलं, झाकलंय म्हणजे अजून व्हायचंय. आमचे शेफ डिसोझा गोव्याचे. त्यांनी उरलेले पॅटिस स्टाफला वाटले आणि त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या रविवारी मी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत बोर्ड लावला की कृपया आपल्या हाताने घ्यावे. सगळ्यांनी तो नीट वाचला, माना डोलावल्या आणि जाऊन बसले. शेवटी मी वेटरांना ट्रे घेऊन फिरायला सांगितलं. लोक खूश झाले, पण मग तो बुफे कसला?

तिसऱ्या रविवारसाठी हेगडेसाहेबांनी स्वतः चार प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं. हॉल भरलेला दिसावा म्हणून स्टाफलाही सांगितलं की प्रत्येकानं घरचं एकेक माणूस आणावं. मी आईला निरोप धाडला.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीत तंबाखू चाळतात, निवडतात, पोत्यांत भरतात. घरी आली तरी तिच्या लुगड्याला तो वास असायचा आणि थंडीत खोकला. त्या खोकल्यावर माझं शिक्षण झालं, हे मी कधी विसरले नाही. रविवारी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून संकेश्वरवरून येणाऱ्या बसनं आली. बाहेर चप्पल काढून ठेवली आणि अनवाणीच गालिच्यावरून आत आली. मी तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"काय गं शालन, तोंड का उतरलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. आज लोक उठले तर नोकरी राहिली, न्हाय उठले तर गेली.

"उठत्यात की," ती म्हणाली. "खायाला कोण उठत न्हाय?"

तेवढ्यात पोर्चमध्ये गाडी थांबली. निपाणीचे तंबाखूचे मोठे व्यापारी आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी आक्कासाहेब आत आले. हेगडेसाहेबांनी बोलावलेल्या पाहुण्यांत तेही होते, हे मला तेव्हा कळलं. आई उठून उभी राहिली.

"मी आत बसते गं, सैपाकघरात."

"का?"

"आमच्या मालकीणबाई हायत त्या."

"असू देत की."

"तुला काय कळत न्हाय."

मला सगळं कळत होतं. त्यांच्या बंगल्यावर पूजा असली की वखारीतल्या बायकांना जेवण असायचं. सगळ्या पंगती उठल्यावर, मागच्या अंगणात, घरून नेलेल्या आपापल्या ताटात. वाढणारी वरून टाकायची, ताटाला पळी लागू द्यायची नाही. लहानपणी आईचं ताट मी सांभाळून नेलेलं आहे. मला राग आला. आईचा नव्हे, पण निघाला तिच्यावरच.

"आत जायाचं न्हाय," मी म्हटलं. "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी बस."

ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठता येईल अशी.

मी सर्वांना नमस्कार करून चहा तयार असल्याचं सांगितलं. मग सुरू झालं.

"वकीलसाहेब, चला, सुरू करा," आप्पासाहेब म्हणाले.

"छे छे. तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."

"आमचं काय, आम्ही घरचेच. डॉक्टर, तुम्ही घ्या."

"मी पण घरचाच की वो."

बघता बघता हॉलमधले सगळे घरचे झाले, पाहुणा म्हणून कुणी उरलाच नाही. आमच्या भागात पहिला घास हा मान आहे. मान दुसऱ्याला द्यायचा असतो, आपण होऊन घ्यायचा नसतो. मी हेगडेसाहेबांकडे गेले. सर, निदान तुम्ही तरी सुरुवात करा.

"मी कसा? मी यजमान. पाहुण्यांच्या आधी खाऊ?"

त्यांचंही बरोबर होतं. स्टाफनं खायचा तर प्रश्नच नव्हता. बर्नर जळत होते. पॅटिस आतल्या आत वाळत होते. लोक एकमेकांकडे बघून सौजन्यानं हसत होते. मी मनात सामान बांधायला घेतलं.

तेव्हा दाराजवळची खुर्ची सरकली.

आई उठली होती. मला वाटलं, निघाली आत. पण ती डोक्यावरचा पदर नीट करून सरळ टेबलाकडे चालू लागली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तिनं प्लेट उचलली, पदरानं पुसली, पहिल्या डिशपाशी गेली आणि झाकण काढलं. वाफ वर आली. आणि तिथं ती अडकली. एका हातात प्लेट, एका हातात झाकण, आणि पॅटिस उचलायला तिसरा हात कुठून आणायचा? झाकण खाली ठेवावं तर पांढरं कापड खराब होणार. ती तशीच उभी राहिली.

मी मदतीला जायला हवं होतं. धंदा तेच शिकवतो. पण मी जागीच थांबले, कारण आक्कासाहेब उठल्या होत्या.

त्या टेबलापाशी आल्या. आईकडे नीट बघितलं.

"तू तानुबाई न्हवं? आपल्या वखारीतली?"

"व्हय, आक्कासाहेब."

आता या बाई काही बोलल्या, तर माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण मीही बोलणार, हे मी त्या क्षणी ठरवलं. काय बोलणार ते ठरलं नव्हतं.

आक्कासाहेबांनी हात पुढे केला आणि आईच्या हातातलं झाकण घेतलं.

"घे," त्या म्हणाल्या.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अगं, घे की लवकर. तापलंय ते, हात भाजतोय माझा."

आईनं एक पॅटिस घेतला. मग माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक घेतला. नंतर तिनं मोकळ्या हातानं आक्कासाहेबांच्या हातातलं झाकण परत आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, "आता तुम्ही घ्या. मी धरते."

"हे काय असतंय गं?"

"मला काय म्हाईत? माझ्या लेकीला इचारा. तिचंच हाय हे सगळं."

आक्कासाहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे नाही, तोंडाकडे. मी पुढे झाले आणि पॅटिसमध्ये काय असतं ते सांगू लागले. पदार्थ सगळे बरोबर सांगितले.

मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. आप्पासाहेब उठले, कारण आता बायको उभी आणि आपण बसलेले, हे बरं दिसत नव्हतं. त्यांच्यामागून वकील, डॉक्टर आणि मग सगळेच. झाकणांचे आवाज सुरू झाले. जो तो दुसऱ्यासाठी झाकण धरत होता आणि वर आग्रहही करत होता. आणखी एक घ्या की. एवढ्यानं काय होतंय? मी दोन आठवडे जे लोकांच्या गळी उतरवत होते, ते आपोआप झालं. आई चहा बशीत ओतून प्यायली. हेगडेसाहेबांच्या कपाळावर आठी आली, पण शेजारी आप्पासाहेबही बशीतच ओतत होते, तेव्हा ती गेली.

निघताना मी धीर करून आक्कासाहेबांना विचारलं, "तुम्ही उठलात, बरं वाटलं. पण कशा उठलात?"

"पोटात कावळे वरडत हुते गं," त्या म्हणाल्या. "कवाधरनं बसलोय. कुणीतरी उठलं एकदाचं, म्हणून मी बी उठले."

मला याहून मोठं काहीतरी ऐकायचं होतं. पण त्यांनी खरं सांगितलं, हे मला आज जास्त आवडतं.

संध्याकाळी शेफ डिसोझांच्या डिश रिकाम्या होत्या आणि ते शीळ घालत होते. हेगडेसाहेब आले.

"मिस कांबळे, नेक्स्ट संडे पॅटिस डबल करा. आणि त्या बाई कोण?"

"माझी आई."

"त्यांना दर संडेला बोलवा."

"बोलावते, सर. पाहुणी म्हणून."

बारचं नाव परत निघालं नाही. मी त्या हॉटेलात बरीच वर्षं काढली आणि रविवारचा चहा मी असेपर्यंत चालला.

एका पॅटिसनं जग बदललं, असं मी म्हणणार नाही. सोमवारी आई वखारीत गेली, तेव्हा तिचा चहा नेहमीसारखाच तिच्या वेगळ्या वाटीत आला. पण काही दिवसांनी आक्कासाहेब वखारीत आल्या आणि सगळ्या बायकांसमोर तिला विचारलं, "तानुबाई, तुझ्या लेकीनं त्या केकात काय घातलं हुतं?" आई पुढे किती वर्षं ते सांगायची. त्या पावसाळ्यात एका रविवारी बंगल्यावर पूजा झाली, तेव्हा ती जेवायला गेली नाही. रविवारी लेकीकडं जायचं हाय, म्हणाली. तिचं घरून न्यायचं ते ताट त्यानंतर फळीवरून खाली उतरलं नाही.

मी आता रिटायर झाले आहे. नवीन मुलं सल्ला विचारायला येतात. त्यांच्याकडे झाकणं बिजागरीची, चकचकीत, ज्याचं त्यानं उघडावं आणि घ्यावं. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण टेबलावरची पहिली डिश मात्र सुट्या झाकणाची ठेवा, असं मी त्यांना सांगते. ते हसतात, मॅडम जुन्या वळणाच्या म्हणतात. बुफे अडतो तो पहिल्या माणसापाशी. तो उठला, तरी त्याला हात दोनच असतात, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी उठून झाकण धरावंच लागतं.