पावडर फासलेली गाडी

वडिलांच्या गॅरेजात धाकटीची जागा काउंटरवर. गाडीखाली शिरायचा हक्क दादाचा. एका गाडीच्या डिफरन्शिअलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइल सील त्याने दोनदा बदललं, तरी तेलाची गळती थांबेना आणि गिअर टाकला की मागून धाडकन आवाज येई.

धाकटीने त्याला विचारलंच नाही. गाडी लिफ्टवर चढवली, खालचं सगळं पुसून कोरडं केलं आणि त्यावर टाल्कम पावडर फासली.

"लग्नाला नेतेस काय तिला?" दादा खिदळला.

गाडी उतरवून तिने एक चक्कर मारली आणि पुन्हा लिफ्टवर चढवली. पावडरीतला काळा ओघळ सीलपासून नव्हे, डिफरन्शिअल पेलणाऱ्या रबरी माउंटपासून निघाला होता. छोट्या पहारीने रेटताच रबराची चीर उघडली आणि हादरे शोषायला आत भरलेलं तेल ठिबकलं.

"रबरात तेल असतं होय?" दादाचा आवाज उतरला. "बरं, सर बाजूला. नवं मी बसवतो."

"हात तर लावून बघ!" धाकटीने दरडावलं.

तिने जुनं माउंट दाबून काढलं, नवं बसवलं. ती बोल्ट आवळत असताना काउंटरवरचा फोन वाजला. दादाने सवयीने तिच्याकडे पाहिलं.

"घे की," ती गाडीखालून म्हणाली. "सांग, मी कामात आहे."