कापसाच्या खोलीतली चंपी

पोतं टेबलावर ठेवत कमलाबाई म्हणाल्या, "साहेब, इले सुई देऊन मोकळी करा. पिसाळली हे."

मी दारव्ह्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. पोत्यात त्यांची पाळलेली मांजर, चंपी.

"कोणाले चावली?"

"माह्या नातीले. पोरगी कापसाच्या खोलीत गेलती, तं हातच फोडला! अन् परवापरवापर्यंत तिच्याच मांडीवर झोपे."

नातीला आधी रेबीजच्या इंजेक्शनला पाठवलं. चंपीला पिंजऱ्यात सोडलं. कान मागे चपटे, शेपूट आपटणं चालू, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. अर्थ सरळ होता, जवळ येऊ नका. कशाच्या जवळ, हे मात्र मी विचारलं नाही. तीस वर्षांची नोकरी ना, आपल्याला सगळं कळतं!

"मारायचं नाही," मी म्हणालो. "चावलेलं जनावर दहा दिवस ऑब्झर्वेशनमध्ये ठेवायचं. पिसाळलं असेल तर तेवढ्यात कळतंच."

जीव वाचवला, या ऐटीत मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ती जाळीला गाल घासत होती. पिंजऱ्याच्या दाराशी जायची, माझ्याकडे वळून बघायची, ओरडायची. पुन्हा तेच. मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर म्हणाला, "सायेब, हे काहीतरी मांगून राह्यली."

"लाडात आलीय," मी म्हणालो. गाढवपणा, दुसरं काय!

तिसऱ्या सकाळी ती जाळीवर पंजे टेकून उभी राहिली आणि पोट दिसलं. आचळं तट्ट फुगलेली, भोवतीचे केस दुधानं चिकटलेले. कमलाबाईंना फोन लावला.

"चंपी गाभण होती?"

"होती ना. तुमी कुठं इचारलं?"

"पिल्लं कुठं आहेत?"

"कोणाले माहीत! मांजर पिल्लं सात घरं फिरवते. असतील कुठंतरी, म्हटलं."

पिंजरा मोटरसायकलला बांधून गेलो. खोलीत चांगल्या भावाची वाट बघत कापूस छतापर्यंत रचलेला. सोडल्याबरोबर चंपी कोपऱ्यात घुसली. आम्ही मागून कापूस उपसला. तीन पिल्लं निघाली, त्या उबेत थंडगार. चंपी त्यांना चाटत बसली.

"आमीच मारली साहेब," कमलाबाई रडायला लागल्या.

"तुम्ही नाही. मी."

दहाव्या दिवशी कमलाबाईंकडे तपासायला गेलो. चंपी ठणठणीत. कागदावर माझी केस अगदी बरोबर निघाली. तेव्हापासून अंगावर येणारं जनावर आणलं की मी आधी विचारतो, ते कशाच्या आड उभं होतं?

निघताना चंपीनं माझ्या पायाला गाल घासला.

"पाहा साहेब, माफ केलं तिनं तुमाले."

मांजर गाल घासते तेव्हा आपला वास लावते. माफी-बिफी त्यात काही नसते.