मांडीवरचं काम

काम करील त्याला भाकरी, असा कडूबाईंच्या घरचा नियम. नवरा होता तेव्हा माकणीच्या शेतातल्या त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, पाच कारवानी कुत्री असत. लांब पायांची, पोट पाठीला लागलेली. रानडुकरांमागं सुटली की धुरळाच दिसायचा. नवरा गेला, कुत्री एकेक करून संपली, एक हरणी उरली. कारवानी कुत्रं अंगाला अंग लावत नाही. हरणी हाक मारली की यायची, हातभर लांब बसायची आणि रस्ता बघत राहायची. कडूबाईही तेच करायच्या. दिवसाकाठी दोन माणसं बोलली तरी पुष्कळ.

चैत्रात लेक शिवकन्या पुण्याहून आली. कंपनी तिला आठ महिने परदेशी पाठवत होती. तिच्या काखेत कोको नावाचा पग जातीचा कुत्रा होता. चपटं नाक, मुडपलेली शेपूट, वीतभर पाय.

"ह्याला तोंडावर कुणी मारलं गं?" कडूबाई म्हणाल्या.

त्याला आईकडं सोडून जाताना लेकीनं बजावलं होतं, उन्हात नेऊ नको. पण रिकामं खाणारं जनावर कडूबाईंना बघवेना. नवा गोऱ्हा जुन्या बैलाशेजारी जुंपला की आपोआप शिकतो, हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. त्यांनी एकाच दाव्यात एकीकडं हरणी बांधली, दुसरीकडं कोको. दुपारी उसात डुक्कर हललं, हरणीनं झेप घेतली. कडूबाई ओरडत धावल्या तेव्हा कोको ढेकळांतून शंभर पावलं फरफटला होता. जीभ निळी, डोळे पांढरे.

जनावरांच्या दवाखान्यातले बशीरभाई फटफटीवर आले. ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी तासाभरानं त्याचा श्वास ताळ्यावर आणला. मग चहा घेता घेता समजावलं, की हरणीचे पूर्वज व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर मुलूख तुडवत इकडं आले, म्हणून ती कारवानी. हा मात्र चीनच्या राजवाड्यातला. ह्याच्या बापजाद्यांना धावायचं ठाऊकच नाही.

"मग काय करायचे ते?"

"मांडीवर बसायचे, मावशी. माणसाला करमावं म्हणून. तेच ह्याचं काम."

कडूबाई हसल्या. "लई अवघड काम हाय की."

संध्याकाळी त्या ज्वारी निवडायला बसल्या, तेव्हा पोत्यातून लटपटत निघालेलं ते जनावर सरळ त्यांच्या मांडीवर चढलं आणि घोरू लागलं. सूप बाजूला ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. मांडीला मुंग्या आल्या, तरी हलल्या नाहीत. पुढं आठ महिने त्याला भाकरी मिळाली, तीही दुधात कुस्करून. कामाबद्दल पुन्हा विषय निघाला नाही.

येळवसेला, मार्गशीर्षातल्या अवसेच्या शेतपूजेला, शिवकन्या त्याला न्यायला आली. कोको इथंच राहू दे, हे वाक्य कडूबाईंनी आठवडाभर घोकलं होतं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील पिऊन झाली. ओठांवर आलेलं ते वाक्य उगाच जरा लांबवायला त्यांनी विचारलं, "ह्याला घेतलंस तरी कशापायी?"

लेकीनं आंबिलीच्या मडक्यावर झाकण ठेवलं. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्यापासून वेगळी झाली होती. मायलेकींत त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

"रात्री कुलूप काढलं की आत कुणीतरी असावं म्हणून, आई."

कडूबाईंनी मान हलवली. घोकलेलं वाक्य त्यांनी गिळलं. कोकोला उचलून लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "त्याला डाव्या कानामागं खाजवावं लागतं. न्हायतर झोपत न्हाय."

इथंच ये राहायला, असं लेकीला म्हणावं का, हे त्यांच्या मनात आलं ते गाडी बांधावरून वळल्यावर. तोवर धुरळाही बसला होता.

दिवस कलला. त्या खाली बसल्या, सवयीनं लुगडं सारखं करून मांडी घातली. हरणीला हाक मारली. ती आली, हातभर लांब बसली आणि रस्त्याकडं बघू लागली.