'ने, ने' म्हणणारी म्हातारी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांट्या चुकतील, अक्षरही वाकडं येईल, त्याची माफी असावी. पण आमच्या शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली की ती म्हातारी आठवते आणि लिहावंसं वाटतं.

लेकीच्या बाळंतपणाला मी ग्रीसला गेले होते. डोंगरातलं दगडी घरांचं गाव, आमच्या बीडच्या डोंगरपट्ट्यासारखंच उघडंबोडकं. शेजारी ही म्हातारी राहायची. अंगात काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल आणि दिवसभर शेळ्यांशी भांडण. मी लाजरी, पण शेळ्या बघून रोज तिच्या ओट्यावर बसू लागले. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. मी काहीही म्हटलं, की मान कलती करून म्हणायची, "ने, ने."

एकदा मी शेळीची घंटी हलवून म्हटलं, "मावशी, लई गोड वाजती हो."

"ने, ने," म्हणत ती आत गेली. मी शेळीच्या गळ्यातली घंटी सोडवली आणि घरी घेऊन आले.

"आई, ही कावून आणलीस?" लेकीनं विचारलं. तीच 'ने' म्हणाली, असं मी सांगितलं तशी लेक ओरडली, "इकडं 'ने' म्हणजे 'हो' असतं!"

परक्या मुलखात एकच मैत्रीण आणि तिच्याच घरी चोरी! लेकीला पुढं करून, तोंडाला पदर लावून घंटी परत द्यायला गेले. लेकीनं आमच्या 'ने'चा अर्थ सांगितला. म्हातारी इतकी हसली, की ओट्यावर बसलीच.

मग तिनं घंटी माझ्या हातात ठेवली, माझी मूठ मिटली आणि चक्क आमच्या मराठीत म्हणाली, "ने."