तिसरं इंजेक्शन

"तुम्हा दोघांनाही सिफिलिस आहे," शेवगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझ्या बायकोला, कविताला, तेव्हा सहावा महिना संपत आला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सिफिलिस म्हणजे गरमी, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. गरोदरपणाच्या तपासणीत तिची व्हीडीआरएल, म्हणजे या आजाराचा संशय दाखवणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. टीपीएचए या दुसऱ्या तपासणीने तो पक्का झाला. मग माझं रक्त घेतलं. लग्नाआधी चाकणला नोकरीत असताना मला लघवीच्या जागी जखम झाली होती. दुखत नव्हती, आपोआप भरली. घरातला पहिला पदवीधर मी, पण जखम जाते आणि आजार रक्तात राहतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"दोघांनाही पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं, दर आठवड्याला एक. चुकवू नका. पोटातल्या बाळाचा उपचारही हाच," मॅडमनी बजावलं.

दुसरं इंजेक्शन झालं आणि कविताला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला मेव्हणा पुणतांब्याहून आला. मी म्हणालो, आठवडाभर थांबा.

"दाजी, भाकरी कोन थापील म्हनून भ्या वाटतं व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. कविता बाजूला येऊन म्हणाली, "तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही." मी एवढंच सांगितलं की रक्तवाढीचं एक इंजेक्शन राहिलंय, बुधवारी येऊन नेतो.

बुधवारी पुणतांब्याला गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, "रक्तासाठी एवढ्या लांब धक्के खात कशाला? मी खजूर देते तिला. सातवा लागलाय, जावईबापू." कविता आतून माझ्याकडे पाहत राहिली. मी चहा पिऊन परत आलो.

पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून तिला नेलं. मॅडमनी कार्ड पाहिलं. "चौदा दिवस झाले. आता पुन्हा पहिल्यापासून."

नवं पहिलं इंजेक्शन झालं. दुसऱ्याच्या आधीच कळा सुरू झाल्या.

मुलगी नगरला काचेच्या पेटीत होती. ओंजळीएवढी, तळपायाची कातडी सोललेली. दहा दिवस तिला पेनिसिलिन चालू होतं. बाहेरच्या बाकावर सासूबाई कविताला म्हणाल्या, "तूच पपई खाल्ली आसशील कुटं तरी."

मी म्हणालो, "आई, आजार माझा आहे. ते इंजेक्शन रक्तवाढीचं नव्हतं." मग सगळं सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दारात उभा हुतास तवा का न्हाई बोललास? मी आडवली आसती का तिला?" मला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

मुलगी वाचली. पुढच्या तपासण्यांत तिचं रक्त निगेटिव्ह आलं. मॅडमचे आणि नगरच्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. कविता माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर औषध आहे आणि ते साधं आहे. घरात एका माणसाला तरी खरं सांगा. मी अजून तपासणीला जातो. केसपेपरच्या खिडकीवर काय होतंय म्हणून विचारतात, तेव्हा मागे रांग असली तरी मी आजाराचं नाव घेतो.