अष्टमीचे पाहुणे

चंदाबाई मला फारशी माहीत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "मास्तर, हे चुकलं" म्हणालं तर ओशाळायला नको. रेवसच्या जेटीवर मी भाऊच्या धक्क्याची तिकिटं फाडायचो, तेव्हापासून ती मला मास्तर म्हणायची. निवृत्तीनंतर आमच्या दोन घरांत फक्त एक पाणंद होती. तरी तिचं माहेर पालीकडचं हे मला तिच्या दहाव्याला कळलं. मी बोलणारा माणूस नाही, लिहिणारा तर नाहीच. वाचनालयाच्या अंकासाठी तिच्यावर लिहायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, म्हणून हे माझ्याकडे आलं. यातलं बरंचसं तिनेच सांगितलेलं आहे. उरलेलं तिचा दीर मोरू याचं, आणि मोरूच्या बोलण्यात थोडं मीठ जास्त असतं, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

चंदाबाईचं शेत गावाच्या अगदी टोकाला, खाडीच्या बांधाला लागून. आमच्याकडे बांध आहे म्हणून गाव आहे. बांधाच्या एका अंगाला भरतीचं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. पूर्वी बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की जोळ निघायची. घरटी एक माणूस आपापली टोपली घेऊन यायचा आणि मिळून चिखलाने खांड बुजवायची. कुणी मजुरी मागायची नाही, कुणी सबब सांगायची नाही. चंदाबाईचा नवरा रघू असाच जोळीतून परतला, अंगणात टोपली उपडी केली, तापाने पडला तो उठला नाही. त्यानंतर त्या घरची टोपली चंदाबाईने उचलली.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला तिच्या शेतासमोरच खांड पडली. जोळ निघाली नाही. अर्धी घरं मुंबईला, उरलेली कंपन्यांच्या पाळीत, आणि सरपंच निकेश म्हणाला की आता सरकारी यंत्र येणार आहे, हाताने कशाला मरता. यंत्र आलं नाही. खारं पाणी मात्र दर उधाणाला न चुकता आलं, आणि पाण्याबरोबर तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, बिया आल्या. दुसऱ्या वर्षी शेताच्या खाडीकडच्या अंगाला तिवरं गुडघ्याएवढी झाली, तिसऱ्या वर्षी कमरेएवढी.

मग खरी गंमत सुरू झाली. चंदाबाई बांधाच्या कचेरीत गेली तर म्हणाले, तिथे झाडं उभी आहेत, आधी वनखात्याची परवानगी आणा. वनखात्यात म्हणाले, जमीन अजून आमच्याकडे आलेली नाही, परवानगी कशी देणार? पण एक फांदी तोडलीत तर गुन्हा. तहसीलमध्ये साहेबाने सातबारा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, इथे तर पीक भात लिहिलंय. तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार हीच हाय," चंदाबाई म्हणाली. "भात तुमच्या कागदावर हाय, माज्या शेतात न्हाय."

तिला एवढंच हवं होतं, खांड बुजवायची मोकळीक. यंत्र नको, भरपाई नको. येत्या पावसाळ्यानंतर तिवरांची मोजणी होऊन शेत जंगलात धरलं जाणार अशी बोलवा होती. त्याआधी खांड बुजली आणि शेतात पुन्हा लाल राता भात उभा राहिला, तर शेत तिचं. नाहीतर गेलं.

अशात माघात सरपंचाला प्रांजली मॅडमचा फोन आला. ही मुंबईच्या एका कार्यालयातली मुलगी. कामाला नवीन, पण उर्मट नव्हती. तिने सांगितलं की आठदहा देशांतले जाणकार मिळून एक मंडळ केलंय. पर्यावरण राखून विकास कसा करायचा, समुद्र वाढला तर किनाऱ्याचं काय करायचं, यावर ते आपल्या सरकारला सल्ला देतात. दिल्लीत बैठक आहे. त्याआधी त्यांतले काहीजण फुटलेला बांध बघायला येतील. ते जे लिहितील ते थेट वर जाईल. तर तुम्हाला कोणता दिवस सोयीचा?

देवळात सभा बसली. शेत चंदाबाईचं, तेव्हा दिवस तिनेच सांगायचा असं ठरलं.

"अष्टमीला बोलवा," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "भांग असंल. बांधावर चिखल नसंल, पावण्यांचं पाय सुकं ऱ्हातील."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा जोर सगळ्यात कमी. मुलगी बघायला येणारे, विहीर खणणारे, घराला कौलं आणणारे, सगळे आम्ही भांगालाच बोलावतो. उधाणाला पाहुणा बोलावणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं. ते पाहुणे पाणीच बघायला येत होते, हे त्या सभेत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वर आणखी, आदल्या दिवशी बायकांनी खांडीच्या दोन्ही बाजूंचा बांध लग्नघराच्या भिंतीसारखा नव्या चिखलाने लिंपून काढला. भरतीच्या पाण्याने सोडलेला मिठाचा पांढरा पट्टा दिसत होता, तो बरा दिसत नव्हता म्हणून झाकला.

पाहुणे आले. त्यांच्यातला मुख्य माणूस हॉलंडचा, ताडासारखा उंच, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. चंदाबाईच्या अंगणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जिताड्याचं कालवण झालं. तो भाकरी हाताने खायला शिकला, दोनदा मागून घेतली. मग सगळे बांधावर गेले. चार दिवस पाणी आत आलं नव्हतं. वरची साय वाळून चिखलाला भेगा पडल्या होत्या. कोवळ्या तिवरांवर ऊन पडलं होतं, एक खंड्या बसला होता. खोटं कशाला सांगू, जागा सुंदर दिसत होती.

"पाणी कुठपर्यंत येतं?" हॉलंडच्या साहेबाने विचारलं. प्रांजली मराठीत करून सांगत होती.

"हितपावतर." चंदाबाईने कमरेला हात लावला.

साहेबाने वाळलेल्या जमिनीकडे पाहिलं, लिंपलेल्या बांधाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोरड्या बुटांकडे पाहिलं. तो म्हणाला, आमच्या देशातही बांध आहेत, आणि काही ठिकाणी आम्ही आता शेतं मुद्दाम समुद्राला सोडतो. झाडं लाटा अडवतात.

"इचार त्याला," चंदाबाई प्रांजलीला म्हणाली, "सोडताना शेतवाल्याला इचारतात का?"

साहेब म्हणाला, विचारतात. वर्षानुवर्षं विचारत बसतात, आणि बदली जमीन देतात.

"मंग आमाला कोनी इचारलं?"

प्रांजलीने हे जसंच्या तसं सांगितलं. गाळलं नाही. साहेब म्हणाला, "मी त्यासाठीच आलोय. पण मी जे पाहतो तेच लिहू शकतो. मला पाणी दाखवा."

मोरूने सांगितलं की त्या घटकेला चंदाबाईचा चेहरा उपड्या ताटासारखा झाला. ती खांडीत उतरली. नवा चिखल नखांनी खरवडून खालचा मिठाचा पट्टा दाखवायला लागली. पण ओल्या चिखलात मीठ मिसळून गेलं होतं. हाताला लागला तो नुसता काळा गोळा.

"पानी येतं," ती म्हणत राहिली. "पानी लय येतं. आज न्हाय. आवसंला या."

अमावास्येला ते दिल्लीत असणार होते आणि तिथून आपापल्या देशी.

"मग आजचा दिवस कुणी ठरवला?" प्रांजलीने विचारलं. तिने सहज विचारलं होतं. निकेश सरपंच खंड्याकडे बघू लागला.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर मोरू म्हणाला, "वैनी, पावण्यांचं पाय सुकं ठेवलंस, झ्याक केलंस. आता शेत वलंच ऱ्हाऊ दे."

"तू गप ऱ्हा मोऱ्या. सभेत तुजी बी मान हलली व्हती."

"माजी मान म्हातारी हाय, ती आपसूक हलते."

तिने भांडी घासली ती अशी की पाणंदीपलीकडे मला ऐकू येत होती.

अमावास्येला प्रांजली एकटीच आली, आपली रजा टाकून. चंदाबाईने तिला बांधावर नेलं. भरती चढली आणि खांडीतून पाणी असं घुसलं की प्रांजलीची एक चप्पल गेली ती गेलीच. तिने मोबाइलवर सगळं टिपलं. चंदाबाई मधे उभी, पाणी कमरेला. "हे बघ," ती ओरडत होती, "हे दाखव त्याला, त्या भाकरी खानाऱ्याला!"

प्रांजलीने त्याच संध्याकाळी ते पाठवलं. उत्तरही आलं, चांगलं सभ्य. पण मंडळाचा सल्ला आधीच गेला होता. त्यात आमच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं की इथे बांध फुटला तिथे तिवरं आपोआप वाढली आहेत, अशा जागा आहेत तशा राखाव्यात, मात्र स्थानिकांशी अधिक बोलणं व्हावं. नवीन गोष्टी पुढच्या बैठकीत घेता येतील.

"पुढची कवा?" चंदाबाईने फोनवर विचारलं.

"पुढच्या वर्षी, काकू. ती दुसऱ्या देशात आहे."

"पानी हितं आनि बैठक थितं. बरं." मग ती म्हणाली, "आनि अधिक बोलनं म्हंजे? बोलनं पेरू का मी?"

प्रांजली रडली असं चंदाबाईने मला सांगितलं. "तिचा काय दोष? पोर गुनाची हाय. तिला म्हनलं, तुजी चप्पल घावली तर धाडून देते."

दोष कुणाचा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. तो साहेब खोटं लिहिणारा नव्हता. तिवरं वाईट नाहीत, तुफानात त्यांनीच आमच्या शेजारच्या पाड्याची घरं वाचवली. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि चंदाबाईच्या शेतात पाणी होतं. अशा वेळी राग कुठे ठेवायचा कळत नाही. ती तो कुठेही ठेवायची. डॉक्टर म्हणाले, माझा सल्ला असा आहे की, तर ती म्हणाली, "सल्ला नको, गोळी द्या." निकेशने देवळात पर्यावरणावर भाषण केलं तेव्हा ती मधेच उठून गेली आणि जाताना त्याच्या पाठीमागचा पंखा बंद करून गेली.

चैत्रात एक दिवस ती मोरूला घेऊन शेतात गेली आणि मधोमध काठीने रेघ मारली. रेघेच्या खाडीकडे तिवरं होती. गावाकडे एकही नव्हतं.

"हितं आडबांध घालायचा," ती म्हणाली.

"म्हंजे अर्धं शेत आपल्या हातानं दर्याला द्यायचं?" मोरू भडकला. "दादानं रगत वतलं त्यात."

"गेलंय तेच देते. ऱ्हायलंय ते धरते. तुज्याकडं दुसरी वाट हाय का? असंल तर सांग, न्हायतर टोपली घे."

पुढच्या भांगाला ती दारोदार फिरली. बोलली फक्त, "जोळ हाय." कुणी म्हणालं जेसीबी सांगू. तिने म्हटलं, जेसीबी बांधावरून येताना बांधच घेऊन बसेल. कुणी दार उघडून पुन्हा लावलं. सकाळी बायका आल्या, पाचसहा म्हातारे आले, रात्रपाळी करून निकेशचा भाऊ हरेश्वर आला. वनखात्याचा रखवालदार येऊन उभा राहिला. रेघेच्या आत तिवर नाही हे त्याने फिरून पाहिलं आणि सावलीला बसला. दुपारी त्याच्याही हातात टोपली दिसली. त्याने ती टोपली नुसती धरली होती की चिखल वाहिला होता, यावर मोरू आणि हरेश्वर अजून भांडतात.

आडबांध पहिल्या उधाणाला थोडा बसला, दुसऱ्याला टिकला. चार पाऊस पडून मीठ धुऊन गेलं तेव्हा चंदाबाईने उरलेल्या अर्ध्यात राता भात लावला. पातळच आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केलं. तिने कौतुक ऐकून घेतलं नाही. जेवायला बांधावर बसायची ती खाडीकडे पाठ करून. एकदा मी म्हटलं, अर्धं तरी राहिलं. ती म्हणाली, "मास्तर, अर्धं ऱ्हायलं म्हननारा पोटभर जेवलेला असतो."

कार्तिकात तिला धाप लागायला लागली. लेक माणगावहून आली आणि तिला अलिबागच्या इस्पितळात न्यायला निघाली. एसटीच्या थांब्यावर मी गेलो तो खरं तर माझ्या कामाला, पोष्टात. ती बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी.

"मास्तर," ती म्हणाली, "पुनवंला आडबांधावर जावा. खेकड्यांनी भोकं पाडली असतील."

"बघतो," मी म्हटलं.

"नुसतं बगू नका. चिखल घाला."

"घालतो."

"आनि चप्पल काडून जावा. रुतंल."

"बरं," मी म्हटलं. एसटी आली.